सिमिटिस, स्पिरॉस

सिमिटिस, स्पिरॉस : (१९ ऑक्टोबर १९३४ – १८ मार्च २०२३). ग्रीक वंशाचे जर्मन विधिज्ञ आणि हेसेन राज्याचे डेटा संरक्षण आयुक्त (१९७५–९१). जन्म अथेन्स येथे. ग्रीसचे माजी पंतप्रधान कोस्तास सिमिटिस हे त्यांचे धाकटे बंधू. मारबुर्ख येथे कायद्याचे शिक्षण. पुढे गीसेन व फ्रँकफुर्ट येथे प्राध्यापक.

हेसेनचा १९७० चा डेटा संरक्षण कायदा हा या विषयावरील जगातील पहिला कायदा मानतात. सिमिटिस यांना त्याचे जनक म्हटले जाते. मसुद्यातील त्यांचा वाटा मोठा असला, तरी पहिले आयुक्त ते नव्हेत. ते पद १९७५ पर्यंत व्हिली बिर्केलबाख यांच्याकडे होते. कायदा फक्त सरकारी कार्यालयांपुरता होता. संगणकामुळे विधिमंडळाच्या तुलनेत शासनाचे पारडे जड होते का, यावर लक्ष ठेवणे हेही आयुक्ताचे काम होते. नागरिकांच्या तक्रारींच्या चर्चेत ही तरतूद सहसा मागे पडते.

‘डाटेनशुट्स’ ही जर्मन संज्ञा दिशाभूल करणारी आहे. शब्दशः अर्थ ‘डेटाचे संरक्षण’. प्रत्यक्षात संरक्षण हवे असते ते माणसाला. मराठीत रूढ झालेल्या शब्दालाही हा दोष चिकटला आहे.

१९८३ च्या नियोजित जनगणनेत घरोघरी भरून घेतलेल्या अर्जांवरून स्थानिक रहिवासी नोंदवह्या दुरुस्त करण्याची मुभा होती. म्हणजे आकडेवारीसाठी दिलेली माहिती त्याच माणसाच्या सरकारी नोंदीत उतरणार होती. संघराज्याच्या घटना न्यायालयाने १३ एप्रिलला जनगणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ च्या निकालात ही मुभा रद्द करून ‘माहितीविषयक स्वयंनिर्णयाचा हक्क’, म्हणजे आपली माहिती कोणी व कशी वापरावी हे स्वतः ठरवण्याचा हक्क, मान्य केला. जनगणना अखेर १९८७ मध्ये झाली. या संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काहीजण तिचे श्रेय सर्वस्वी न्यायालयाला देतात. तथापि जर्मन विधिज्ञ व्हिल्हेल्म श्टाइनम्युलर व सहकाऱ्यांच्या १९७१ च्या अहवालात तिची मांडणी आधीच आढळत असल्याने उगम तिकडे शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. सिमिटिस यांच्याकडे तिचे जनकत्व देण्यास मात्र फारसा आधार नाही. त्यांचे खरे काम निकालानंतरचे : तो कार्यालयीन व्यवहारात आणि कायद्याच्या भाष्यात रुजवण्याचे. संघीय डेटा संरक्षण कायद्यावरील त्यांनी संपादित केलेले भाष्य प्रमाणभूत गणले जाते.

आयुक्तपदी त्यांच्यानंतर व्हिनफ्रीड हासेमर आले. २००१ ते २००५ या काळात सिमिटिस जर्मनीच्या राष्ट्रीय नीतिशास्त्र परिषदेचे अध्यक्ष होते.