सुई लावल्याने गाठ चवताळत नाही

“सुई लावू नको भो, गाठ चवताळते!” कानाखाली गाठ आली की चोपड्यापासून शिरपूरपर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. मग महिनोन्‌महिने लेप. खरं तर बारीक सुईच्या तपासणीने लाळग्रंथीचा कॅन्सर पसरणं अतिशय दुर्मिळ. कानापुढच्या लाळग्रंथीतल्या सुमारे ८० टक्के गाठी तर कॅन्सरच्या नसतातच.

पसरणं ठरतं ते मुख्यतः पेशींच्या जातीवर. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत केआय-६७ हे पेशींची वाढ दाखवणारं प्रथिन जास्त निघालं, म्हणजे पेशी झपाट्याने वाढताहेत, धोका मोठा. लाळनलिकेच्या कॅन्सरमध्ये हर-२ हे पेशींवरचं प्रथिन सापडलं तर त्यावर नेमकं औषधही आहे. तपासणीच टाळली तर हे कळणार कुठून? गाठीसोबत तोंड वाकडं होऊ लागलं, तर लेप ठेवा बाजूला आणि लगेच जळगाव किंवा धुळं गाठा.