बोल्हाईचे मटण आणि बोकडाचे मटण : ताटातला आणि माळावरचा फरक

पुणे शहरात आणि जिल्ह्याच्या पूर्व भागात मटणाच्या दुकानांवर व खानावळींच्या पाट्यांवर ‘येथे बोल्हाईचे मटण मिळेल’ असे ठळक लिहिलेले असते, आणि बाहेरगावच्या माणसाला ते एखाद्या खास मसाल्याचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते मेंढीचे मटण असते. हवेली तालुक्यातील वाडेबोल्हाई येथील देवीला मानणारी घराणी शेळी-बोकडाचे मांस वर्ज्य मानतात आणि मेंढीचेच खातात, म्हणून ही पाटी लागते. इतरत्र ‘मटण’ म्हटले की दोन्ही त्यात आले आणि घेणारा सहसा विचारतही नाही. माझ्या मते विचारायला हवे, कारण हे दोन प्राणी चरतात वेगळे, पाळले जातात वेगळ्या रीतीने, आणि आपण कोणते मागतो यावर माळरानाचे बरेच काही अवलंबून असते.

आधी स्वयंपाकघरातला फरक सांगतो, तो थोडक्यात सांगता येतो. शेळीची चरबी बहुतांशी पोटातल्या अवयवांभोवती साठते, त्यामुळे तिचे मांस कोरडे व घट्ट असते आणि शिजायला वेळ घेते. मेंढीची चरबी पाठीवर आणि मांसाच्या थरांतही उतरते. मांस मऊ लागते, तेल कमी घातले तरी रश्श्यावर तवंग येतो, आणि एक उग्र वास असतो जो काहींना नकोसा आणि सवय असलेल्यांना हवाहवासा वाटतो. ही चरबी लवकर थिजते, म्हणून बोल्हाईचा रस्सा बाजरीच्या गरम भाकरीबरोबर कढतच वाढावा.

खरा फरक चरण्यात आहे. मेंढी मान खाली घालून जमिनीलगतचे गवत खात पुढे सरकते आणि कळप एकत्र चालतो. शेळीला गवतापेक्षा पाला, शेंगा आणि कोवळे शेंडे प्रिय. ती मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीबाभळीच्या फांद्या ओरबाडते. म्हणूनच शेळी गावात दोन-चारच्या संख्येने बांधून, तोडून आणलेल्या शेवरी-सुबाभळीच्या पाल्यावर पाळता येते आणि भूमिहीन कुटुंबाला, विशेषतः घरातल्या बाईला, हाताशी पैसा देते. धाराशिव-लातूर-बीड भागातली काळी उस्मानाबादी शेळी अनेकदा जुळी करडे देते, हा तिचा मोठा गुण आहे. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी मात्र सहसा एकच कोकरू देते आणि तिला चालायला माळ लागतो.

हे चालणे कसे असते ते समजून घेतले पाहिजे. माण, खटाव, फलटण यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांतील धनगर कुटुंबे पावसाळा घराजवळच्या माळावर काढतात आणि दिवाळीच्या सुमारास घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा, म्हणजे माणसे आणि मेंढ्यांचा फिरता तळ, हलवतात. त्यांतले काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. तिथे भातकापणी झालेल्या शेतात रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढ्या बसवतात. लेंडी-मुताचे खत थेट शेतात पडते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ओल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी वाडा परत घाटावर येतो. अशा फिरतीमुळे एका जागचे गवत सतत कुरतडले जात नाही, त्याला पुन्हा वाढायला उसंत मिळते. मात्र वाट अडली आणि तोच कळप तिथेच महिनोन्महिने चरत राहिला, तर तीच मेंढी माळ उघडा करते. हेही तितकेच खरे आहे.

पाणलोटाची कामे करणाऱ्या गावांनी, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी, चराईबंदी केली आणि तिचा त्यांना फायदा झाला. पण बंदी घालताना शेळी आणि मेंढी एकाच ओळीत बसवली जाते, हे मला खटकते. रोपांचे शेंडे खाणाऱ्या शेळीला आवर घालणे समजू शकते. गवताळ माळावर झाडे लावून तो मेंढ्यांना बंद करणे मात्र माळालाही मारक आहे आणि त्यावर जगणाऱ्यांनाही.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीहून अधिक, तर मेंढ्या तीस लाखांच्या आत होत्या. लोकरीला भाव उरला नाही, घोंगडी विणणारे सनगर कमी झाले, आणि मेंढपाळाचे उत्पन्न जवळजवळ सगळे तीन-चार महिन्यांचे कोकरू विकण्यावर आले. त्यामुळे जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीकडे ओढा वाढला आहे. ती उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली असते आणि लवकर वजन धरते, पण तिची लोकर नावापुरतीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसरा मार्ग धरला. सुंदरबनातील गरोल मेंढीत असलेला जुळ्यांचा जनुक संस्थेने दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. दख्खनीचा काटकपणा न सोडता कोकरांची संख्या वाढवणे मला अधिक दूरदृष्टीचे वाटते.

बोल्हाईची प्रथा श्रद्धेची आहे आणि तिला तेवढाच मान असावा. तिच्यामुळे पुण्यासारख्या मोठ्या शहरात मेंढीच्या मटणाला वर्षभर हक्काचे गिऱ्हाईक टिकले, ही मेंढपाळांसाठी मोलाची गोष्ट आहे. तरी पाटीवर ‘बोल्हाई’ असले म्हणजे मेंढी दख्खनीच आणि माळावर चरलेलीच असेल असे नाही. ती माडग्याळी असू शकते किंवा परराज्यातून आलेली. तेव्हा खाटकाला दोन प्रश्न विचारावेत : मेंढी कोणत्या जातीची, आणि कोणत्या बाजारातून किंवा कोणत्या वाड्यावरून आणली. चांगला खाटीक याचे उत्तर देतो, आणि गिऱ्हाइके विचारू लागली की तो पुढच्या खरेदीत तसा मालही बघून आणतो.