घाटात कुणी सुटत का नाही?

जुलै महिना, बाहेर नाशिकचा पाऊस, रात्रीचे साडेआठ. फ्रान्समध्ये तेव्हा दुपारचे पाच वाजलेले असतात आणि टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा शेवटच्या घाटाला लागलेला असतो. गंगापूर रोडला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जण जमतो. अर्धा घाट सरला तरी एकाच रंगाच्या जर्सीतले चौघे पुढे, बाकीचे त्यांच्या मागे मुकाट. भज्यांची ताटली रिकामी होत आली की कुणीतरी विचारतोच, "अरे, कुणी सुटणार आहे की नाही?" सुटणं म्हणजे बाकीच्यांना मागे टाकून पुढे निसटणं.

या प्रश्नात नाशिककराच्या सवयीचाही हात आहे. आपल्याकडे सायकलचं वेड पसरलं ते लांब पल्ल्याच्या पराक्रमांमुळे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली. 2017 मध्ये नाशिकमध्येच राहणारे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. एकट्याच्या गटात दुसऱ्याच्या आडोशाने जायला मनाई असते. युरोपातल्या व्यावसायिक शर्यतीत मात्र आडोसा हाच सगळा व्यवहार आहे.

कारण हवा. सपाटीवर पुढच्याच्या चाकाला चाक लावून राहिलं की 30 टक्क्यांच्या आसपास ताकद वाचते. सिन्नरकडून समोरचा वारा घेत परतलेल्या माणसाला हे आकडे सांगावे लागत नाहीत. म्हणजे जो पुढे जातो तो खर्च करतो आणि मागचा साठवतो. सावधपणा या खेळात बाहेरून आलेला नाही, तो पहिल्यापासूनच आत आहे.

जुन्या काळी सगळे शूर होते, ही समजूतही फारशी टिकत नाही. पाच वेळा टूर जिंकलेला जाक आंकतील वेळेविरुद्धच्या एकेरी टप्प्यात आघाडी घ्यायचा आणि डोंगरात ती राखायचा. 1964 ची टूर त्याने 55 सेकंदांनी जिंकली. लोकांचं प्रेम गेलं हरलेल्या पुलिदोरकडे. 1991 ते 1995 सलग पाच टूर जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनने त्या पाच वर्षांत जिंकलेला प्रत्येक टप्पा घड्याळाविरुद्धचाच होता. एडी मर्क्सने 1969 मध्ये आघाडीवरच्याची पिवळी जर्सी अंगावर असताना, काहीच गरज नसताना सुमारे 140 किलोमीटर एकट्याने मारले. त्याची आठवण निघते ती अशी माणसं विरळा म्हणूनच.

मग बदललं काय? सावध राहणं सोपं झालं. नव्वदच्या दशकात कानात रेडिओ आला. पूर्वी पुढे सुटलेल्यांचा अंदाज चुकायचा आणि त्या चुकीतच शर्यत रंगायची. आता मागच्या गाडीतला संचालक अंतर सेकंदात सांगतो. घोळक्याचा जुना हिशेब आहे, दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून निघतो. पाच मिनिटं पुढे गेलेल्यांना पन्नास किलोमीटर राहिले असताना धरायला निघायचं, एवढंच काम. 2009 च्या टूरमध्ये एका टप्प्यावर रेडिओ बंद ठेवून पाहिला. सायकलपटू निषेध म्हणून रमतगमत गेले आणि पुढचा तसा ठरलेला टप्पा रद्दच झाला. विश्वविजेतेपद आणि ऑलिम्पिकच्या शर्यती मात्र आजही रेडिओविना होतात.

दुसरी गोष्ट पॉवर मीटरची. उलरिख शोबेररने तो 1986 च्या सुमारास बनवला. पाय किती वॉट देताहेत हे हँडलवर दिसू लागलं. त्याचा पुरता वापर केला तो 2010 मध्ये उतरलेल्या स्काय संघाने. 2012 ते 2019 या आठ टूरपैकी सात त्या संघाच्या, शेवटची इनिऑस या नव्या नावाने. पद्धत साधी: मदतनीसांनी पाळीपाळीने इतका वेग धरायचा की त्यावर आणखी जोर काढणारा दोन किलोमीटरांत गळपटेल. कुणी सुटला तरी घाबरून मागे धावायचं नाही, आकडा धरून बसायचं.

आयोजकांनी उपाय केले. 2018 मध्ये संघ नवाऐवजी आठ जणांचे झाले. त्याच वर्षी 65 किलोमीटरचा तोकडा डोंगरी टप्पा ठेवला, मोटार शर्यतीसारखी रांगेत सुरुवात करून. सुरुवातीलाच सुटण्याची धडपड होईल ही अपेक्षा होती. काही मिनिटांतच सगळे नेहमीसारखे एकत्र. त्यातच 2022 अखेरपासून तीन वर्षांच्या गुणांवर संघांचं वरच्या श्रेणीतलं स्थान ठरू लागलं. दुबळ्या संघाला मग पहिलं येण्याच्या जुगारापेक्षा आठवं-नववं येऊन गुण पदरात पाडणं परवडतं. मला तर रेडिओपेक्षा हेच जास्त खुपतं.

आता स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचर आहे. 2024 मध्ये झुरिकच्या विश्वविजेतेपदाला त्याने सुमारे 100 किलोमीटर बाकी असताना हल्ला केला आणि जिंकला. धाडस परत आलं खरं, पण निकाल बऱ्याचदा तासभर आधीच कळतो, आणि मागचे दुसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा एकमेकांकडे बघत बसतात.

गेल्या रविवारी त्र्यंबक रोडला समोरून वारा होता. रात्री टीव्हीसमोर सगळ्यात मोठ्याने ओरडणारा आमचा मित्र सगळ्यात मागे, माझ्या चाकाला चिकटून. "ये की पुढे," म्हटलं. हँडलवरच्या आकड्याकडे बघत म्हणाला, "नाही भाऊ, आज झोन टू, हलकाच जोर."