आइस्क्रीमवर ओतताच कडक होणारा सॉस

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली की व्हॉट्सॲपवर दोन मेसेज हमखास फिरतात. एक सांगतो, तेलात मेण मिसळलंय. दुसरा सांगतो, गोठलं म्हणजे तेल शुद्धच. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. शुद्ध खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतंच, आणि त्यात पाम कर्नल तेलाची भेसळ केली तरीही गोठतं, कारण दोन्हींतली मेदाम्लं (फॅटी ॲसिड्स, म्हणजे तेलाचे मुख्य घटक) जवळजवळ सारखीच असतात.

या गोठण्याचा सर्वांत देखणा उपयोग आइस्क्रीम संडेवर होतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये खोबरेल मिसळून केलेला सॉस आइस्क्रीमवर ओतला, की बघता बघता त्याचं कवच होतं आणि चमचा मारला की ते तडकतं.

असं का होतं? तेलाच्या रेणूत ग्लिसरॉल नावाच्या छोट्या कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. खोबरेलमधल्या सुमारे ९० टक्के साखळ्या संपृक्त, म्हणजे कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध नसलेल्या, आणि म्हणून सरळ असतात. काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या त्या दाटीने रचल्या जातात आणि स्फटिक बनतो. सूर्यफूल तेलातल्या बहुतेक साखळ्या दुहेरी बंधापाशी वाकलेल्या असतात. त्यांची रचना जमत नाही, म्हणून ते तेल फ्रीजमध्येही पातळ राहतं. मग खोबरेल तोंडात वितळतं कसं? त्यात सर्वाधिक असलेल्या लॉरिक आम्लाची साखळी फक्त १२ कार्बनची असते. साखळी आखूड, म्हणून शेजारच्या साखळीशी ओढही कमी.

चॉकलेटमधलं कोकोआ बटर, म्हणजे कोकोच्या बियांमधला मेद, मात्र ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आइस्क्रीमने गार पडलेल्या तोंडात नुसतं चॉकलेट म्हणूनच मेणचट लागतं. कोकोआ बटरच्या साखळ्या १६ ते १८ कार्बनच्या, त्यामुळे त्या खोबरेलच्या स्फटिकांत नीट बसत नाहीत. दोघं एकमेकांची घडी विस्कटतात आणि मिश्रण कोकोआ बटरपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. याला युटेक्टिक परिणाम म्हणतात, आणि मला या सगळ्यात तोच सर्वाधिक आवडतो!

'सुपरफूड' म्हणून रोज चमचाभर खोबरेल पिण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. ही संपृक्त मेदाम्लं रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवतात.

१०० ग्रॅम डार्क चॉकलेटला २५ ग्रॅम खाण्याचं खोबरेल घ्या. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून दोन्ही वितळवा. भांडं, चमचा अगदी कोरडे हवेत. पाण्याचे थोडे थेंब पडले तरी साखरेचे आणि कोकोचे कण त्यांना चिकटून गोळा होतो. सॉस कोमट झाला की मगच ओता.

वर शेंगदाण्याची चिक्की कुटून घालायची तर सॉस ओला असतानाच, झटपट. आइस्क्रीमला थेट लागलेली चिक्की ओलावा शोषून चिकट होते. म्हणून तिचे तुकडे आधीच याच सॉसमध्ये घोळवून फ्रीजमध्ये ठेवावेत. मेदाचा थर पाणी आत जाऊ देत नाही आणि चिक्की कुरकुरीत राहते.