जकात वेगळी, सदका वेगळा

‘मुसलमानांना उत्पन्नाच्या अडीच टक्के दान करावं लागतं’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्यात दोन चुका आहेत. ते अडीच टक्के, म्हणजे इस्लाममधली जकात, उत्पन्नावर नसतात, आणि ते दान नसतं. दान म्हणावं असं जे असतं, त्याला सदका म्हणतात आणि त्याला टक्केवारीच नाही.

गोंधळाला कारण आहे. जकात कुणाला द्यावी हे कुराणाच्या ज्या आयतीत सांगितलंय (सूरह तौबा, ६०), तिथे शब्द ‘सदकात’ असाच आहे. म्हणजे जुन्या वापरात सदका हा मोठा शब्द आणि जकात हा त्यातला सक्तीचा भाग. पुढे फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत आणि रोजच्या बोलण्यात दोन्ही वेगळे झाले. आज कुणी नुसतं ‘सदका’ म्हणालं, तर ऐच्छिक म्हणजे नफिल सदका असंच समजायचं. (‘सदका’ म्हणजे बला टळावी म्हणून वाटलेला बकरा, एवढाच अर्थ माहीत असणारी घरंही आहेत. तो सदक्याचाच एक प्रकार, पण अगदी छोटा कोपरा.)

जकात हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. तिला नियम आहेत, आणि ते एखाद्या कर कायद्यासारखे काटेकोर आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती, जिला निसाब म्हणतात, एक चांद्र वर्षभर तुमच्याकडे असली की त्या संपत्तीच्या चाळिसाव्या हिश्शावर तुमचा हक्क उरत नाही. कुराणाच्या सत्तराव्या सूरेत श्रद्धावंतांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ असल्याचं म्हटलंय. म्हणून जकात देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचं त्याला परत करतो. हा मुद्दा किती गंभीरपणे घेतला गेला, याचा दाखला इतिहासात आहे. ६३२ साली प्रेषित मुहम्मदांचं निधन झाल्यावर काही टोळ्यांनी नमाज पढू पण जकात देणार नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध फौज पाठवली. सदका दिला नाही म्हणून कुणावर कधी फौज गेली नाही.

हिशेब कसा होतो ते एका छोट्या दुकानदाराचं उदाहरण घेऊन पाहू. बँकेत आणि गल्ल्यात मिळून १,२०,००० रुपये, दुकानात विक्रीच्या भावाने ३,००,००० चा माल, गिऱ्हाइकांकडून येणं ५०,०००. बेरीज ४,७०,०००. व्यापाऱ्यांचं देणं ७०,००० वजा केलं की उरले ४,००,०००, आणि जकात झाली १०,०००. त्याचं राहतं घर, दुकानाचा गाळा, माल आणायची गाडी, फ्रीज, तराजू यातलं काहीही मोजायचं नाही. वर्षभरात त्याने किती कमावलं हेही कुणी विचारत नाही. चांगली कमाई करून सगळी खर्चून टाकणाऱ्यावर जकात नाही, आणि नोकरी नसलेल्या पण पैसा साठवून बसलेल्यावर आहे. इन्कम टॅक्सची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. मला मात्र यात एक स्पष्ट भूमिका दिसते. पैसा कमावण्यावर आक्षेप नाही, तो निजवून ठेवण्यावर आहे.

इतर दरही असेच बोलके आहेत. पुरलेलं धन सापडलं तर पाचवा हिस्सा, पावसावर आलेल्या पिकाचा दहावा, मोटेने किंवा पंपाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा, व्यापाराच्या मालाचा आणि रोकडीचा चाळिसावा. कष्ट आणि खर्च जितका जास्त, तितका गरिबाचा वाटा कमी.

खरी गुंतागुंत निसाबात आहे. सोन्यासाठी तो साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि चांदीसाठी साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. वजनांचं प्रमाण बरोबर एकास सात. सुरुवातीच्या काळात या दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती, त्यामुळे कुठलंही माप लावा, श्रीमंतीची रेघ तीच. आता सोन्याचा भाव चांदीच्या सातपट नाही, कितीतरी पट झाला आहे आणि रेघा दोन झाल्या आहेत. रोकडीला कुठली लावायची? भारतातले बहुतेक हनफी मुफ्ती (हनफी हा सुन्नींचा एक फिकह-पंथ, मुफ्ती म्हणजे फतवा देणारा) चांदीची लावतात. त्यामुळे देणारे वाढतात आणि गरिबांकडे जास्त पैसा जातो, हा त्यांचा युक्तिवाद.

पण त्याची दुसरी बाजू बघा. नुसतं तीन तोळे सोनं असलेल्या बाईवर जकात नाही, कारण ते साडेसात तोळ्यांच्या आत आहे. तेच तीन तोळे आणि वर्षभर बाजूला टाकलेले थोडे पैसे असले, की हनफी मतानुसार दोन्हींची किंमत एकत्र धरून चांदीच्या निसाबाशी ताडून पाहायची. तिथे ती सहज ‘मालदार’ ठरते. नवरा रिक्षा चालवतो, घर भाड्याचं, दागिने लग्नातले, आणि बाईला जकात लागू! शिवाय निसाबाच्या वर गेलेल्याला जकात घेता येत नाही. म्हणजे ती देणाऱ्यांत मोडते आणि घेणाऱ्यांतून बाद होते. अशा घरात आजारपण आलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायचं ते सदक्यातून. सदक्याला निसाब बघावा लागत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात आणखी एक गंमत आहे. घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. हनफी मतात अंगावरचं सोनंही मोजायचं. शाफई पंथात रूढ मत असं, की नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. सोन्याची नाणी किंवा वळी घेऊन कपाटात ठेवली तर मात्र आहे. त्यामुळे सारख्याच वजनाचा पाटल्यांचा जोड औरंगाबादच्या बाईला जकातीत धरावा लागतो आणि चिपळूणच्या बाईला नाही. मुलगी घाटावर दिलेल्या कोकणी घरांत हा प्रश्न दर रमजानला निघत असणार.

आता घेणाऱ्याकडे वळू. जकातीचे मानकरी आठच: फकीर आणि मिस्कीन (दोन्ही गरिबांसाठीचे शब्द), जकात गोळा करणारे, ज्यांची मनं इस्लामशी जोडायची ते, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि अडकून पडलेला वाटसरू. स्वतःचे आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही. त्यांना पोसणं हे तुमचं कामच आहे, ते जकातीत दाखवणं म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं. भाऊ, बहीण, मावशी, काका गरीब असतील तर त्यांना चालते, उलट आधी त्यांनाच द्यावी असं सांगतात. सय्यद, म्हणजे प्रेषितांच्या वंशातल्या, घराण्याला रूढ मतानुसार चालत नाही. मुस्लिमेतरांनाही बहुतेक फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते चालत नाही.

सदक्याला यातलं एकही कुंपण नाही. आईला द्या, सय्यदाला द्या, शेजारच्या हिंदू घरातल्या मुलाची फी भरा, कुत्र्याला पाणी पाजा. पैसेच हवेत असंही नाही. वाटेतला काटा बाजूला करणं हा सदका, भावाकडे हसून बघणं हाही सदका, असं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, आहे. विहीर, झाड, शिकवलेली विद्या अशा पुढे चालत राहणाऱ्या गोष्टींना सदका-ए-जारिया म्हणतात. गुपचूप दिलेला बरा, इतका की उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं हदीसमध्ये आहे, आणि दिल्यानंतर बोलून दाखवलं तर तो वाया गेला, असं कुराण स्पष्ट सांगतं.

मधल्यामध्ये फित्रा राहिला. तो सक्तीचा, पण संपत्तीवर नाही, माणशी. रमजान ईदच्या नमाजाआधी द्यायचा, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये. हनफी लोक माणशी साधारण पावणेदोन किलो गव्हाची किंमत देतात, शाफई मतात त्या भागातलं मुख्य धान्यच द्यायचं, म्हणजे कोकणात तांदूळ.

जकात कोण वसूल करतं, यावरून तिचं रूप बदलतं. मलेशियात प्रत्येक राज्याची धार्मिक परिषद ती गोळा करते आणि भरलेल्या जकातीची आयकरात सूट मिळते. पाकिस्तानात जनरल झिया यांनी १९८० मध्ये वटहुकूम काढून बचत खात्यांतून १ रमजानला जकात परस्पर कापायला सुरुवात केली. शियांनी इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं. त्यांच्या फिकहमध्ये हिशेब वेगळा, शिवाय खुम्स म्हणजे पाचवा हिस्सा निराळा. सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. बाकीच्यांनी वेगळी वाट काढली: रमजानच्या आदल्या दिवसांत खात्यातले पैसे काढून घ्यायचे आणि नंतर परत भरायचे. यातले कित्येकजण स्वतःच्या हाताने जकात देत असतीलही, त्यांचा विश्वास नव्हता तो सरकारवर.

भारतात कुठलंच सरकार त्यात नाही. सगळा भार माणसाच्या प्रामाणिकपणावर. जागतिक पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने, यूएनएचसीआरने, २०१९ मध्ये निर्वासितांसाठी जकात निधी उघडला. परंपरेचा ओढा मात्र गावच्या श्रीमंताचं गावच्याच गरिबाला, असा आहे. कुवेत-दुबईत कमावणारा कोकणी माणूस गावच्या जमातीकडे (गावातल्या मुसलमानांच्या मंडळाकडे) पैसे पाठवतो, त्यामागे हा ओढा आणि ओळखीचा भरवसा दोन्ही आहे.

सर्वात जास्त घोळ होतो तो संस्थांना देताना. हनफी मतात जकातीला तमलीक लागते, म्हणजे ती रक्कम एखाद्या गरजवंताच्या पूर्ण मालकीची व्हायला हवी. म्हणून जकातीतून मशीद बांधता येत नाही, बोअरवेल मारता येत नाही, शिक्षकांचा पगार देता येत नाही. यावर काही मदरशांनी तोडगा काढला: जकात एका गरीब विद्यार्थ्याच्या हातावर ठेवायची आणि त्याने ती लगेच मदरशाला ‘भेट’ द्यायची. याला हीला म्हणतात. अनेक उलेमांनी त्यावर टीका केली आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. ज्या मुलाला ते पैसे घरी न्यायची मुभाच नाही, तो मालक कसला?

मदरशांच्या पावतीवर बहुधा जकात, फित्रा, सदका, अतिया (साधी देणगी) असे वेगळे रकाने असतात. वसतिगृहातल्या गरीब मुलांच्या जेवणाकपड्यांसाठी द्यायचं असेल तर जकातीवर खूण करा. छताचे पंखे, रंगकाम किंवा पगारासाठी द्यायचं असेल तर अतियावर. आणि एखाद्या स्वाभिमानी नातेवाइकाला जकात द्यायची असेल, तर ती जकात आहे हे त्याला सांगायची गरज नाही. नियत, म्हणजे हेतू, देणाऱ्याच्या मनात असली की पुरते, तोंडाने ‘मुलांची ईदी’ म्हटलं तरी चालतं.