चव लिहिण्याआधी पेटीतली हवा पाहा
हाती वळलेली सिगार जपणाऱ्या आणि चाखणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक आमच्या पेटीसोबत दिले जाते. आम्ही नागपुरात सिगार ठेवण्याच्या लाकडी पेट्या, म्हणजे ह्युमिडॉर, बनवतो. सिगार विकत नाही आणि कुठला ब्रँड घ्यावा हेही सुचवत नाही. पण पेटी नेणारे बरेच ग्राहक चवीच्या नोंदी ठेवतात. निकाराग्वाची एवढी महागाची सिगार कडू का लागली, क्यूबाची अर्ध्यातच पुन्हा पुन्हा का विझली, असे ते वही उघडून आम्हाला विचारतात. अशा वेळी आम्ही आधी पेटीतल्या आर्द्रतामापकाचा आकडा विचारतो, कारण दोष बहुधा तंबाखूचा नसतो, नागपूरच्या हवेचा असतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवला म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तिचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरते. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग सिगारमुळे होतो हे सिद्ध झालेले आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जे ओढत नाहीत त्यांनी सुरुवात करू नये, हे आम्ही मनापासून सांगतो. 18 वर्षांखालील कुणालाही आम्ही पेटी देत नाही.

पान आणि पाणी

उत्तम हाती वळलेल्या सिगारमध्ये तंबाखूचा चुरा नसतो. सगळी लांब पानेच असतात. आत फिलर, त्याला बांधून धरणारा बाइंडर आणि सर्वांत बाहेर रॅपर. फिलरमध्येही झाडावरच्या जागेप्रमाणे पाने निवडतात. शेंड्याकडचे लिगेरो जाड, कडक आणि सावकाश जळणारे, मधले सेको सुगंधाचे, तळाकडचे वोलादो नीट पेट घेणारे. ही पाने वेगवेगळ्या जाडीची असल्यामुळे आतला ओलावा थोडा बिघडला तरी त्यांचा एकमेकांशी मेळ सुटतो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे विडी वळणाऱ्या बाया तेंदूपान आधी भिजवून मऊ करतात, मगच ते कातरतात. कोरडे पान वळायला घेतले तर फाटते. सिगारच्या पानाचेही तसेच आहे, फक्त त्याला ओलावा वळताना लागतो तसा शेवटच्या झुरक्यापर्यंत लागतो. सिगार कोरडी पडली की भराभर आणि गरम जळते, धूर घशाला टोचतो, कडवटपणा येतो, रॅपरला भेगा जातात आणि सुगंधी तेल उडून जाते. ती फार ओली झाली तर झुरका ओढताना गाल दुखतात, सिगार वारंवार विझते, आतून पोकळ जळत जाते आणि आंबूस चव येते. ‘कडक, तिखट, एकसुरी’ असा शेरा वाचला की ती सिगार किती टक्क्यांवर ठेवली होती हे आम्हाला आधी जाणून घ्यावेसे वाटते.

जगभर साधारण 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान योग्य मानतात. नागपूरसाठी आम्ही 65 टक्केच सुचवतो. आपली खोली वर्षातले कित्येक महिने 21 अंशांच्या बरीच वर असते, आणि उबेत ओलावा जास्त ठेवला की बुरशी आणि किडा दोघांनाही बोलावणे जाते.

नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये इथे पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली येते. नवतपात तर उघड्यावर राहिलेली सिगार एका दिवसात हाताला कुरकुरीत लागते. त्यात आपल्याकडे घरोघरी कूलर. कूलर चालू असला की खोली दमट, बंद केला की दोन तासांत पुन्हा रखरखीत. पेटी कूलरच्या झोतात किंवा त्याच खोलीत खिडकीजवळ असेल तर आतला आकडा रोज वरखाली होतो, आणि हा चढउतार नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट, कारण पान फुगते, आकसते आणि शेवटी रॅपर उकलतो.

म्हणून आमचेच गिऱ्हाईक कमी होईल असा सल्ला देतो. एसी नसलेल्या घरात मे महिन्यात लाकडी पेटीवर विसंबू नका. रबराची कडा असलेल्या हवाबंद डब्यात 65 टक्क्यांचे आर्द्रतेचे पाकीट टाका, सिगार त्यात ठेवा आणि डबा घरातल्या सर्वांत थंड, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. मृगाच्या सरी स्थिरावल्या की सिगार पेटीत परत आणा. ही पाकिटे ओलावा देतात तशी शोषूनही घेतात, त्यामुळे पावसाळ्यातही उपयोगी पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा 80-90 टक्क्यांवर असते, तेव्हा पेटी उगाच उघडू नका. रॅपरवर पांढरट लव दिसली तर ‘मुरल्याची खूण’ म्हणून आनंदू नका. ती जवळजवळ नेहमी बुरशीच असते. ती सिगार बाजूला काढा.

हिवाळा त्यामानाने सोपा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथे चाखण्याचा खरा मोसम.

आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा

नवा आर्द्रतामापकही पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो. तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत 24 तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. मापक 71 दाखवत असेल तर तो चार टक्के कमी दाखवतो, एवढे पेटीवर लिहून ठेवा. तापमान 25 असो वा 40, मिठाचा हा आकडा जेमतेम हलतो, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही ही चाचणी चालते.

आमच्या पेटीचे आतले अस्तर सेद्रेला जातीच्या लाकडाचे आहे. बाजारात त्याला स्पॅनिश सीडार म्हणतात, पण ते खऱ्या देवदाराच्या नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. ते ओलावा धरून ठेवते आणि त्याचा मंद वास तंबाखूला मानवतो. सागवान आम्ही बाहेरून लावतो; आतून लावले तर त्याचा तेलकट वास सिगारला लागतो. नवी पेटी लगेच भरू नका. आत वाटीभर डिस्टिल्ड पाणी ठेवून झाकण लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, थांबा. नाहीतर कोरडे लाकूड सिगारचेच पाणी ओढून घेते. नळाचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात.

किडा

टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसली तर तो तंबाखूचा भुंगेरा. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. तो भिवापुरी मिरचीच्या साठ्यात आणि हळदीतही होतो, म्हणून पेटी मसाल्याच्या फडताळापासून लांब ठेवा. पेटी पंचविशीच्या वर तापली की अंडी फुटायला लागतात. उपाय असा: सिगार दोन हवाबंद पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर किमान तीन-चार दिवस, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. घाई केली तर रॅपर तडकतो.

चाखणे आणि नोंद

प्रवासातून आलेली सिगार लगेच पेटवून मत देऊ नका. तिला पेटीत दोन-तीन आठवडे विसावू द्या. चाखायच्या दिवशी सावजी जेवण नको, सकाळची तर्रीसुद्धा जिभेवर बराच वेळ रेंगाळते. खर्रा खाणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो की चुना-सुपारीने आखडलेल्या जिभेला सेको आणि लिगेरोतला फरक कळणार नाही. खर्रा सोडा, तो सिगारसाठी नव्हे, स्वतःसाठी. सोबत साधे पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा पुरे. बसायला वारा नसलेली जागा हवी. पंख्याखाली एक बाजू पुढे जळते, आणि कूलरजवळ खसाचा वास सगळ्यावर कुरघोडी करतो. घरात मुले असतील तर गच्चीवर जा.

टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, फक्त दोनेक मिलिमीटर भाग कापा. न पेटवता एक झुरका घ्या आणि त्याची चव आधी लिहा. हवा किती मोकळी येते हेही लिहा. मग ज्योत टोकाला न टेकवता फिरवत कडा शेका आणि पेटवा. मिनिटाला एक झुरका, त्याहून जलद नको, कारण सिगार तापली की सगळ्याच सिगार सारख्याच कडू लागतात. रोबुस्तो, म्हणजे पाच इंच लांब आणि 50 रिंग गेजची, पाऊण ते एक तास चालते. गेज इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, तेव्हा 50 म्हणजे जाडी 20 मिलिमीटरला किंचित कमी. पहिली पाच मिनिटे निकाल देऊ नका. त्यानंतर सिगारचे तीन भाग मानून प्रत्येकाची वेगळी नोंद करा.

चव लिहिताना परदेशी कॅटलॉगमधले शब्द उचलू नका. मिरी, भाजलेले शेंगदाणे, जायफळ, वाळलेली मोहफुले, करपलेला गूळ, जे ओळखीचे असेल तेच लिहा. राख लांब टिकली म्हणून गुण देऊ नका. त्यावरून पाने लांब आहेत हे कळते, चव कळत नाही. प्रत्येक नोंदीच्या वर तारीख, पेटीतली आर्द्रता, खोलीचे तापमान आणि सिगार किती आठवडे पेटीत होती हे लिहा. शंभरापैकी गुण द्यायचेच असतील तर एकाच जातीच्या निदान तीन सिगार, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने चाखून द्या. वळणारा हात माणसाचा असतो; एखादी सिगार घट्ट भरली गेली तर त्यावरून पूर्ण ब्रँड निकालात काढणे अन्यायाचे आहे.

पेटीची देखभाल

महिन्यातून एकदा झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. चारही बाजूंनी ती अडखळत निघायला हवी. सहज निसटली तर पेटी आमच्याकडे आणा, कडा विनामूल्य बसवून देऊ. पावसाळ्यात लाकूड फुगून झाकण घट्ट झाले तर त्यावर रंधा किंवा पॉलिश पेपर मारू नका. दसऱ्यापर्यंत ते आपोआप सैल होते.