जुळलेली जोडी आणि कानस फिरलेला आकडा

पोळ्याच्या आधी गुरांच्या बाजारात चक्कर टाकली की एक हिशेब लगेच कळतो. एकट्या बैलाला एक भाव, दुसऱ्या एकट्याला साधारण तेवढाच. पण दोघं एका उंचीचे, एका शिंगाचे, एका चालीचे निघाले की जोडीचा भाव दोघांच्या बेरजेच्या वर जातो. म्हणूनच बाजारात जोड्या 'जमवल्या' जातात. शिंगं साळून सारखी करायची, टोकं कापून उंची मिळवायची, वरून वार्निश. माझे आजोबा शिंगांकडे बघतच नसत. ते मानेवर हात फिरवत. जूखाली वर्षानुवर्षं एकत्र चाललेल्या बैलांच्या खांद्यावरचे घट्टे एकमेकांना जुळतात, आणि घट्टा काही वार्निशानं उठत नाही.

हे आठवायचं कारण बंदूक. माझा पुतण्या अमेरिकेत असतो आणि त्याला जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद आहे. मागच्या वर्षी त्यानं इशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड घेतली. आपल्याकडे पोलीस आणि होमगार्डच्या खांद्यावर पाहिलेली 'थ्री नॉट थ्री', तीच ही. विकणाऱ्यानं 'सगळे नंबर जुळलेले' असं सांगून चढी किंमत लावली होती. पुतण्यानं मला फोटो पाठवले, कारण मी भौतिकशास्त्र शिकवत असे आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे मला सगळंच कळतं.

(इथल्या कोणी हा नाद धरू नये. आपल्याकडे ३०३ हा सामान्य माणसाला निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर खोडणं किंवा बनावट नंबर घालणं हा गुन्हा आहे. ज्याच्याकडे नंबर खोडलेली बंदूक सापडेल त्यानंच तो खोडला, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं.)

नंबर जुळण्याचं एवढं काय? ली-एनफिल्डवर एकच नंबर बऱ्याच ठिकाणी ठोकलेला असतो: बॉडीवर (ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो सांगाडा), नळीवर, बोल्टच्या दांड्याच्या मागे, नळीच्या तोंडाशी असलेल्या टोपीवर, नेम धरायच्या मागच्या पट्टीवर आणि पुढच्या लाकडाच्या पोटात. यात बोल्टचं जुळणं निव्वळ हौसेचं नाही. गोळी उडताना काडतुसाला मागून अडवतो तो बोल्ट, आणि त्याची पाठराखण करणारे खुंट त्या एका बॉडीत नीट टेकतील असे बसवलेले असतात. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला तर मध्ये केसभर फट राहू शकते, आणि तेवढ्यानंही काडतुसाचं पितळ फाटतं. म्हणून कारखान्यानं नंबर घातले. कोणाचा बोल्ट कोणात जाऊ नये, हा हेतू. संग्राहकांचा बाजार पुढे कित्येक वर्षांनी उभा राहिला आणि त्यानं या सोयीच्या आकड्याला किंमत लावली.

युद्धं संपल्यावर या रायफली ढिगानं साठवल्या गेल्या. बोल्ट बरेचदा वेगळे काढून ठेवलेले, परत घालताना हाताला येईल तो. सोव्हिएत संघानं जर्मनांकडून जिंकलेल्या माउझर रायफली तर सुट्या करून, साफ करून, मिळतील त्या भागांनी पुन्हा जोडल्या. त्यामुळे आज खऱ्याखुऱ्या जुळलेल्या रायफली थोड्या आहेत, आणि जुळवलेल्या पुष्कळ.

तर फोटो. आकडे मला ठीकच वाटले. मोबाइल घेऊन मी आमच्या गावच्या लोहाराकडे गेलो. तो वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी करतो. रायफल त्यानं कधी हातात धरलेली नाही. त्यानं बोल्टच्या दांड्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "इथं कानस फिरली जी पयले. पाय न, पाठ बसली याची."

खरंच बसली होती. दांड्याची मागची बाजू जिथं गोलसर वळायला हवी, तिथं आकड्याखाली एक उथळ सपाटी होती. जुना नंबर घासून काढल्याशिवाय नवा ठोकता येत नाही, आणि घासलं की धातू कमी होतो. गेलेला धातू परत येत नाही. बनावट नंबर पकडणारे सगळ्यात आधी हीच खळगी शोधतात.

ती दिसण्यासाठी प्रकाश समोरून नको, आडवा हवा. पृष्ठभागाशी ५ अंशांच्या कोनात टॉर्च धरली की कुठल्याही उंचवट्याची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे ११ पट लांब पडते. डोळ्याला न जाणवणारी कानशीची रेघही मग शेतातल्या सरीसारखी उठून दिसते. पुतण्याला तसे फोटो काढायला सांगितले. सपाटीवर एका दिशेच्या बारीक रेघा होत्या, आणि त्या आकड्यांच्या खालून जात होत्या. म्हणजे आधी घासणं, मग ठोकणं.

ठोकणं या क्रियेतच बरंच विज्ञान दडलंय. आपल्याकडे लग्नात दिलेल्या पितळी गुंडावर, घागरीवर नाव घातलेलं असतं. जुन्या गुंडावर ते ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं, आणि आत हात घातला तर तेच ठिपके उलटे, उंचवट्यासारखे बोटाला लागतात. म्हणजे पितळ कुठं गेलं नाही, फक्त सरकलं. पोलादावर आकड्याचा ठसा मारला की हेच होतं. धातू खाली आणि बाजूला ढकलला जातो, आकड्याच्या काठाला बारीकशी वरंब उभी राहते. याउलट आजकाल भांड्यावर यंत्रानं नाव कोरतात, तेव्हा धातू खरवडून निघून जातो. अशा आकड्याला ठशाची वरंब नसते. भिंगाखाली हा फरक लपत नाही. कारखान्यात ठशानंतर घासून, पॉलिश करून, मग काळपट-निळा मुलामा दिला असेल, तर वरंब गुळगुळीत झालेली असते आणि आकड्याच्या तळापर्यंत मुलामा सारखा पोचलेला असतो. नव्या आकड्याची वरंब बोटाला टोचते.

आता गुंडाच्या आतले ते उलटे ठिपके लक्षात ठेवा. पोलाद जाड असल्यानं मागच्या बाजूला काही दिसत नाही, पण ठशाचा धक्का आकड्याच्या तळाच्याही खाली गेलेला असतो. पोलाद म्हणजे बारीक स्फटिकांचे दाणे. दाण्यातल्या अणूंच्या रांगा सुबक असतात, अधूनमधून एखादी रांग अर्ध्यातच संपते. ठसा बसला की अशा तुटक्या रांगांची संख्या त्या जागी हजारो पटींनी वाढते. वरचा आकडा कानशीनं पूर्ण काढला, पृष्ठभाग आरशासारखा केला, तरी खालचे पिळवटलेले दाणे तसेच राहतात. ताणलेला धातू शेजारच्या निवांत धातूपेक्षा आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण त्या जागेवर फिरवतात. 'फ्राय' या नावानं ते ओळखलं जातं. हळूहळू जुना आकडा भुतासारखा वर येतो, कधी थोडाच वेळ टिकतो, म्हणून कॅमेरा आधीच लावून ठेवलेला असतो. चोरीच्या गाडीचा चॅसी नंबरही याच तऱ्हेनं परत वाचतात. ज्यांना धातूला आम्ल लावायचं नाही ते भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाचे सूक्ष्म कण सोडतात. दुखावलेल्या जागी चुंबकीय रेषा अडखळतात आणि कण तिथं गोळा होतात.

लोहाराला हे सांगितलं तर त्यानं लगेच विचारलं, "अन् लाल करून थंडा केला तं?" प्रश्न अचूक होता. साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला पोलादात नवे दाणे जन्मतात आणि जुनी आठवण पुसली जाते. पण तसं केलं तर पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणीही उतरतं. ज्या बोल्टवर गोळीचा सगळा दाब येतो त्याचं पाणी उतरवणारा माणूस नंबर जुळवतो आणि गोळी झाडणाऱ्याचा जीव टांगणीला लावतो.

मुलाम्याचं प्रकरण थोडक्यात. घासलेली जागा पांढरी पडते, तेव्हा ती काळी करायला घरगुती बाटलीतला द्राव लावतात. त्या द्रावात बहुधा सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. जुन्या कारखान्याचा मुलामा मात्र लोखंडाचाच ऑक्साइड. तालुक्याच्या सराफाकडे सोन्याचा कॅरेट सांगणारं क्ष-किरणांचं यंत्र असतं ना, तेच तंत्र इथं सेलेनियम ओळखू शकतं.

अवघड जागा वेगळीच आहे. जर्मन माउझरच्या लहान भागांवर बरेचदा पूर्ण नंबर नसतो, शेवटचे दोनच आकडे असतात. दोन आकड्यांच्या जोड्या १००. तुम्हाला ४७ चा एखादा भाग हवा आहे आणि दुकानदाराकडे तसे १०० सुटे भाग पडलेत, तर त्यात एक तरी ४७ असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. ३०० असतील तर ९५ टक्के. कानस नाही, ठसा नाही, आम्लाला सापडेल असं काही नाही. प्रत्येक आकडा अस्सल, जोडी मात्र खोटी. इथं आजोबांचा मानेवरचा हात कामाला येतो. एकत्र झिजलेल्या भागांच्या चकाकत्या जागा समोरासमोर येतात. मुलाम्याचा रंग, गंजाचे डाग, तपासनिसाच्या शिक्क्याचं वर्ष, सगळं एका घरचं वाटावं लागतं.

काही बनावट इतक्या उघड असतात की हसू येतं. खैबर खिंडीच्या बाजूला हातानं घडवलेल्या इंग्रजी रायफलींवर व्हिक्टोरिया राणीची मोहोर आणि शेजारी १९०१ नंतरचं, म्हणजे राणी गेल्यानंतरचं साल सापडतं. कधी इंग्रजी एन उलटा ठोकलेला. आणि नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून २००३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या मार्टिनी घराण्यातल्या (एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या) रायफलींवर आकडे चक्क देवनागरीत आहेत. अमेरिकन गिऱ्हाईक ज्या खुणा नक्षी समजून बघतं, त्या आपली चौथीतली पोरं वाचतील. फक्त ५, ८ आणि ९ ची तिकडची वळणं आपल्याहून वेगळी, एवढं सांभाळायचं.

एक गोष्ट मात्र संग्राहकांनाही उशिरा कळते. लष्कराचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, बोल्ट बदलायचा तेव्हा जुना नंबर बरेचदा घासत नसे. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा ठोके. चुकीची नोंद शाईनं झाकण्याऐवजी तलाठ्यानं खोडून वर सही करावी, तसंच. असा खोडलेला आकडा दिसायला बेढब, पण त्या रायफलीची ती खरी कहाणी. पुतण्याच्या रायफलीत लाकडाच्या पोटात नेमकं असं सापडलं: एक रेघ मारलेला नंबर, आणि शेजारी बॉडीशी जुळणारा. दोन्हींचे तंतू दबलेले होते, कापलेले नव्हते, आणि खाचांत जुनं तेल मुरलेलं. लाकूड अस्सल होतं. बोल्टच तेवढा आगंतुक. त्यानं विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं की रायफल चालते ना, मग झालं.

लोहाराला या वादात रस नव्हता. त्याला ठशांत रस होता. एकाच ठशाचे आकडे ओळखू येतात का, हे त्यानं विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधी स्वतःचा ठसा काढून दाखवला. वडिलांचा. त्याचा एक कोपरा कधीतरी उडालाय, त्यामुळे या घरच्या प्रत्येक विळ्यावरच्या खुणेला एक शेपूट कमी. "तुमच्या घरी असन तं पाहून घ्या," म्हणाला.

आमच्याकडे आजीच्या वेळचा एक विळा आहे. पात्याला धार लावून लावून निम्मा झालाय, खूण दिसेनाशी होऊन वर्षं झाली. रात्री दिवे घालवून मी तो ओट्यावर आडवा ठेवला आणि टॉर्च अगदी पात्याला टेकवून धरली. दोन-तीनदा कोन बदलावा लागला. मग मुठीजवळ, गंजाच्या डागाखाली, खूण उमटली. एक शेपूट कमी होतं.